चेअरमनचा डावा कान

तालेक, मसाई मारा, केनिया
११ फेब्रुवारी १९८६

पाकितेंग,

सोबत फिल्मचा एक रोल आहे. आपला नेहमीचा पायलट घेऊन येतोय. दुकानात तो तुझ्याच हातात देईल, शेठच्या नाही, असं मी त्याला बजावलंय. काम घाईचं आहे म्हणून आधी कामाचं लिहितो.

मेइतामेइदादाचा घंटेचा बैल सिंहाने मारला. हो, तोच. संध्याकाळी गुरं परतताना, नदीच्या अलीकडे, घरातून हाक मारली तर ऐकू येईल इतक्या जवळ. तेव्हापासून दादा धड जेवलेला नाही. वहिनी चहा पुढे ठेवते आणि तो चहाकडे बघत बसतो. ती मला म्हणाली, "मी मेले असते तर दोन घास तरी खाल्ले असते यांनी." म्हणाली आणि स्वतःच हसली, मग कोपऱ्यात जाऊन रडली. दादा त्या बैलावर रचलेली गाणी लग्नात म्हणायचा, आठवतं ना? आता गाणी आहेत, बैल नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वालबाईंना घेऊन निघालो होतो. तुला माहीत आहेत त्या, जर्मनीच्या, दरवर्षी येतात, कॅमेऱ्याची पिशवी त्यांच्यापेक्षा जड. वळणावर सिंह खात बसलेला दिसला. मला आधी घंटा दिसली, मग बैल ओळखला. बाईंना काय ठाऊक. "पार्मुआत, काय सुंदर प्रकाश आहे!" म्हणत त्यांनी रोल संपवला. मी गप्प बसलो. आपल्या धंद्यात पाहुणा खूश असला की आपण खूश दिसायचं असतं.

इकडे आपल्या लढवय्या मोरान पोरांनी भाले बाहेर काढले. अभयारण्याचे वॉर्डनसाहेब धावत आले. म्हणाले, "हे बघा, दिसेल तो सिंह मारत सुटलात तर सगळ्यांना आत टाकीन. नेमका कुठला ते दाखवा, त्याला मी स्वतः गोळी घालतो." आता आमच्याकडे या नदीकाठी मोठे सिंह दोनच, सख्खे भाऊ. चेअरमन आणि कर्नल. दिसायला एकसारखे. एकाच भांडणात एकाचा डावा कान फाटला, दुसऱ्याचा उजवा. चेअरमन तो डाव्या कानाचा, मोकळ्यावर पसरणारा, गाडी आली तर डोळासुद्धा न उघडणारा. सगळे पाहुणे त्याच्यासाठी येतात. कर्नल झुडपात राहतो, माणूस दिसला की गुरगुरतो, दोन-दोन महिने तोंड दाखवत नाही.

बैल कर्नलने मारलाय. उजव्या कानाचा. वालबाई विमानाने गेल्या, जाताना रोल माझ्याकडे देऊन गेल्या. फोटो मोठा छाप, कान स्पष्ट दिसू दे. साहेबांना दाखवायचाय.

बाकी सगळं ठीक. तुझ्या बाबांची गुडघेदुखी तशीच आहे आणि तोंडही तसंच.

तुझा पाकितेंग


नैरोबी
१६ फेब्रुवारी

पाकितेंग,

रोल मिळाला. दुकानात नवा लागलेला, कांबा जमातीचा मदतनीस तुझं पाकीट उलटसुलट बघत होता. म्हणाला, "मोइनान, तुझ्या पत्रात लिहिणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव एकच कसं?" मी म्हटलं, ज्याला बैल दिला आणि ज्याच्याकडून बैल घेतला, त्याला आम्ही नावाने हाक मारत नाही, बैलाच्या नात्याने मारतो, तो मला आणि मी त्याला. तो म्हणाला, "मला माझ्या मेव्हण्याने सायकल दिली होती, मग मी त्याला काय म्हणू?" वोराशेठ हसून हसून पडले.

बैलाचं वाचून वाईट वाटलं. दादाला माझा निरोप सांग. काय सांगायचा ते मला सुचत नाही, तूच काहीतरी सांग.

आता कामाचं. रोल धुतला. फोटो उत्तम आहेत, बाईंचा हात चांगला आहे. पण अरे, फाटलेला कान डावा आहे. मी तीनदा बघितलं. निगेटिव्हला दोन अंगं असतात, एक चकचकीत आणि एक मंद. शिवाय कडेला कंपनीचं नाव आणि आकडे असतात. ते सरळ वाचता आले तर फिल्म सरळ आहे. ते सरळ वाचता येतात. म्हणजे हा चेअरमन.

तुझी काही गल्लत झाली नाही ना? पहाटे अंधुक असतं. कळव, तोवर छापत नाही.

इकडे पावसाचं नाव नाही, धूळ मात्र आहे. ती निगेटिव्हवर बसते आणि शिव्या मला बसतात.

पाकितेंग


तालेक
१९ फेब्रुवारी

पाकितेंग,

सात वर्षं मी या दोघांना रोज बघतोय. तू किती दिवस बघितलंस? एक रोल. तुझ्या आकड्यांचं मला सांगू नको, मागच्या वर्षी तुमच्याच दुकानाने एका फ्रेंच पाहुण्याला उलटा जिराफ छापून दिला होता, तो माझ्याकडे आला होता भांडायला. त्याच्या हॉटेलची पाटी मागे वाचली तर उर्दू वाटायची.

वालबाईंच्या त्या कॅमेऱ्याची फिल्म उलटीच बसते. त्यांनीच मला सांगितलंय. त्या घरी गेल्या की नेहमी उलटून छापून घेतात. तेव्हा तू काही विचारत बसू नको, उलटून छाप, कान उजवा आला पाहिजे. पोरं भाल्याला तेल लावून बसलीत. उशीर झाला तर दोन्ही भाऊ मरतील आणि चार पोरं तुरुंगात जातील.

माझ्या डोळ्यावर विश्वास ठेव.

पाकितेंग


नैरोबी
२२ फेब्रुवारी

पाकितेंग,

सोबत दोन मोठे फोटो. उलटून छापलेत. कान उजवा आहे, सिंह झकास दिसतोय, फाटलेल्या कडेचा एकेक केस मोजता येईल.

फिल्म उलटी बसणारा कॅमेरा मी आजवर पाहिलेला नाही. वोराशेठनीही पाहिलेला नाही. त्यांनी हे दुकान काढलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण तू रोज बघतोस, मी बघत नाही. तेव्हा माझी फिल्म बाजूला ठेवली आणि तुझा डोळा धरला.

साहेब काय म्हणाले ते लगेच कळव.

पाकितेंग


नैरोबी
१२ मार्च

पाकितेंग,

पायलट तीनदा आला आणि तीनदा हात हलवत आला. "पार्मुआतने काही दिलं नाही," एवढंच. फोटो पोचले की नाही? कर्नलचं काय झालं? दादा जेवतो का?

ताप-बीप आला असेल तर वहिनीकडून दोन ओळी लिहून घे.

पाकितेंग


तालेक
१७ मार्च

पाकितेंग,

फोटो पोचले. सगळ्यांना आवडले. एक साहेबांनी ठेवून घेतला, एक दादाकडे आहे.

सध्या पाहुण्यांची गर्दी आहे. दोन इटालियन जोडपी, एकाला फक्त पक्षी हवेत, दुसऱ्याला पक्षी सोडून सगळं. चेअरमन बरेच दिवस कुणाला दिसला नाही. कर्नलही नाही. साहेब फिरतायत गाडी घेऊन.

दादा थोडंथोडं खातो.

पाकितेंग


नैरोबी
३० मार्च

पार्मुआत ओले कसाइने,

काल माझे बाबा नैरोबीला आले. त्या गुडघ्यांनी, नारोकहून बटाट्याच्या ट्रकमध्ये बसून, आयुष्यात दुसऱ्यांदा. मी दुकानातून घरी आलो तर दारात बसलेले. काठी आडवी मांडीवर. पाणी घ्या म्हटलं, घेतलं नाही.

म्हणाले, "सिंहाचा फोटो तू छापलास?"

मी म्हटलं, "हो."

"उलटा?"

"हो, पण..."

"मला 'पण' ऐकायला इतक्या लांब यायचं नव्हतं."

मग त्यांनी सभेचं सांगितलं. जे तू सांगायला हवं होतंस. आता मी तुला सांगतो, म्हणजे तुला कळेल मी काय काय ऐकलं.

सगळे झाडाखाली बसले होते. साहेबांनी फोटो वर धरून सांगितलं, उजवा कान, म्हणजे कर्नल, विषय संपला. आणि मग त्यांनी फोटो म्हाताऱ्यांकडे दिला. म्हाताऱ्यांनी सिंहाकडे बघितलंच नाही. सिंह काय, सिंहासारखा सिंह. त्यांनी बघितला बैल. पहिल्याने बघितला, दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. मग कुणीतरी म्हणालं, "हा तर लेतेइपानचा बैल!"

माझ्या बाबांचा.

कारण तुमच्या घराच्या गुरांचा कान डावीकडे कातरलेला असतो आणि आमच्या घराच्या गुरांचा उजवीकडे. काप तोच, बाजू दुसरी. मेलेल्या बैलाचा कान उजवा कातरलेला. आपण दोघं सिंहाचा कान उलटा करायला निघालो आणि बैलालाही दोन कान असतात हे विसरलो! तू माराचा, मी माराचा, दोघंही गुरांमागे वाढलेले. मी अंधाऱ्या खोलीत तासभर त्या फोटोवर वाकलो होतो आणि एकदाही बैलाकडे बघितलं नाही. तुझे डोळे पाहुण्यांना फिरवून फिरवून पाहुण्यांसारखे झाले. माझे कशाने झाले कोण जाणे.

मग काय, तमाशा. एक म्हणाला, पांढरा पट्टासुद्धा दुसऱ्या कुशीवर आलाय. एक म्हणाला, "सिंहाच्या पोटात जाता जाता बैलाने घर बदललं." सगळे हसले. मेइतामेइदादा हसला नाही. तो बाबांना म्हणाला, "लेतेइपान, तुमचा बैल हरवलाय का?" बाबा म्हणाले, "माझे सगळे गोठ्यात आहेत. हा तुझाच आहे." मग फोटो त्यांनी मागून उन्हात धरला. मागच्या वेळी इथे आले होते तेव्हा मी त्यांना अंधाऱ्या खोलीत नेऊन गंमत म्हणून दाखवलं होतं, फिल्म उलटी घातली की डावा हात उजवा होतो. ते त्यांच्या लक्षात होतं. मागून बघितलं तर बैल दादाचा झाला, पट्टा जागेवर आला आणि सिंहाचा कान डावा झाला.

बाबा उभे राहून म्हणाले, "हे माझ्या मुलाचं काम आहे. लाज मला आहे." आणि तू, पार्मुआत, तिथे होतास. बाबा सांगत होते, तू दुसऱ्या रांगेत बसला होतास. मान खाली घालून. तू काही बोलला नाहीस.

मी बाबांना तुझी पत्रं वाचून दाखवली. ऐकून म्हणाले, "तुझं नाव मी चारचौघांत घेतलं. आता परत कसं घेऊ?" मग म्हणाले, "आणि तू तरी काय केलंस? तुला सरळ दिसत होतं. त्याचं ऐकायचं म्हणून उलटं केलंस." ते खरं आहे. त्यासाठी मला तुझ्यापेक्षा माझाच राग जास्त आलाय. पण तुझाही आलाय, भरपूर आलाय.

एका सिंहासाठी तू दुसऱ्या सिंहाचा जीव द्यायला निघालास, ज्याने काही केलं नव्हतं. का? तो फोटोत चांगला दिसत नाही म्हणून?

मला उत्तर हवं आहे असं नाही. पण माझ्या बाबांना हवं आहे. ते उद्या परत निघतील.

मोइनान ओले तुम्पेस


तालेक
२ मे १९८६

मोइनान,

तू मला नावाने लिहिलंस, म्हणून मीही नावाने लिहितो. दुसरं काही लिहायचा हक्क मला नाही.

तुझे बाबा परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सभा बोलवायला सांगितली. सगळे आले. साहेबही आले, त्यांना वाटलं नवीन काही मेलं. मी उभा राहिलो आणि सांगितलं, मोइनानने मला सरळ सांगितलं होतं की कान डावा आहे. मी खोटं बोलून त्याच्याकडून उलटं करवून घेतलं. कॅमेऱ्याचंही खोटं, जिराफाचंही खोटं. उजवा कान आधीच लिहिला की फिल्म उलटी आहे असं समजून तो आपणच उलटून छापेल, असं मला वाटलं होतं. लाज लेतेइपानना नाही, मला आहे. तुझे बाबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, "आता माझ्या मुलाचं नाव मी परत घेतो." मोठ्याने म्हणाले, मागच्यांनाही ऐकू जाईल असं.

मग दादाने विचारलं, का केलंस. तू विचारलंस तेच. मी म्हटलं, चेअरमन गेला तर पाहुणे जातील, पाहुणे गेले तर माझी गाडी जाईल. हे खरं आहे पण पुरतं खरं नाही, दादालाही ते कळलं. तेव्हा सांगितलं, मला तो आवडतो. दादाला जसा बैल आवडायचा तसा. मला वाटलं, हसतील. कुणी हसलं नाही. दादा म्हणाला, "मग माझ्या बैलाला घंटा होती, तुझ्या सिंहाला नव्हती. असती तर मला आधी ऐकू आलं असतं."

साहेब म्हणाले, "कुठे आहे तो? महिनाभर शोधतोय मी." मला माहीत होतं कुठे आहे. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ओढ्यापलीकडच्या टेकडीमागे, जिथे मी सोडून कुणी गाडी नेत नाही. मी तेही सांगितलं. मधल्या दिवसांत त्याने नदीपलीकडच्या वस्तीवरची आणखी एक गाय मारली होती, हे मला त्या सभेतच कळलं. ती गाय माझ्या गप्प बसण्याने गेली, असं मी धरतो.

म्हातारे आपसात कुजबुजले. मग तुझे बाबा म्हणाले, "साहेबांच्या गाडीला तो पळेल. पार्मुआतच्या गाडीला पळत नाही. पार्मुआतने न्यावं." रागाने नाही म्हणाले. काम कसं होईल ते सांगितलं, बस. मी हो म्हटलं.

सकाळी निघालो. साहेब शेजारी बसले, वालबाई बसतात त्या जागेवर. बंदूक मांडीवर. वाटेत ते मला त्यांच्या मुलीच्या शाळेचं सांगत होते, मला वाटतं माझ्यासाठीच बोलत होते. चांगला माणूस आहे. टेकडीमागे चेअरमन मोकळ्यावरच पसरला होता. माझ्या गाडीचा आवाज ऐकून त्याने मान उचलली, बघितलं, आपलाच आहे म्हणून परत खाली टाकली. मी नेहमीसारखा डाव्या अंगाने गेलो, ऊन पाठीमागे घेऊन, कारण प्रकाश तिथून चांगला पडतो. मला तसंच जाता येतं, दुसरं येत नाही. खूप जवळ गेलो. आणि इंजिन बंद केलं. फोटोला गाडी हलून चालत नाही ना, म्हणून आम्ही करतो. साहेबांनी सांगितलं नव्हतं. माझ्याच हाताने केलं.

त्याने जांभई दिली. साहेब म्हणाले, "डोकं तिकडे फिरव." मी फिरवलं.

एकच गोळी. साहेबांचा हात चांगला आहे.

मी रडलो, मोइनान. गाडीतच, साहेबांसमोर. त्यांनी खाली उतरून पाठ केली आणि उगाच चाकं बघत राहिले. परत आल्यावर दादाशेजारी जाऊन बसलो. वहिनीने चहा ठेवला, एक त्याच्यासमोर आणि एक माझ्यासमोर, आणि दोघं चहाकडे बघतायत हे बघून वैतागली. "आता एकाचे दोघं झालात," म्हणाली. दादाने आधी उचलला. मग मी.

कर्नल आता एकटा आहे. परवा झुडपाच्या कडेला दिसला, पण माझ्या गाडीचा आवाज ऐकला आणि उठून जो धावत सुटला तो टेकडीपलीकडे. गोळी सुटली त्या दिवशी तो जवळपासच असला पाहिजे. पाहुणे चिडले. म्हणाले, तुझ्याबरोबर येऊन काय फायदा, तुला बघून सिंह पळतो. गाडीत दुसरा ड्रायव्हर असता तर त्याने वळसा घालून गाठला असता. मला रस्ता माहीत आहे, मी गेलो नाही. पळू दे त्याला. त्याला असं लांब पळताना बघून मला किती दिवसांनी बरं वाटलं ते तुला कसं लिहू.

वालबाई जुलैत येणार आहेत. त्यांना सगळं खरं लिहून कळवलं, आणि खाली लिहिलं की यंदा लांबची लेन्स घेऊन या, इथल्या सिंहाजवळ आता जाता येत नाही.

पार्मुआत